गाठ कोठे आहे?

शंकाकार : मेंदूत किंवा मज्जारज्जूत गाठ असल्याचे निदान पूर्णा तालुक्यातल्या चुडावा गावातल्या एखाद्या घरात येऊन पोहोचले की रुग्णाच्या प्रकृतीच्या जोडीने सातबाऱ्याचाही विचार त्या घरात सुरू होतो, ही वस्तुस्थिती आपण नाकारणार नाही, असे मी गृहीत धरतो. पूर्णा जंक्शनला जाऊन देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्सप्रेस पकडायची, परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास राहण्याची जागा शोधायची, वेचणीला आलेला कापूस शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून घरातल्या दोन कर्त्या माणसांनी आठवडेच्या आठवडे रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढायचे, आणि एवढे करून जे पदरात पडते त्याचा हिशेब मात्र त्या शेतकऱ्यापुढे कोणी मांडायचा नाही, असा आजवरचा रिवाज आहे. तो हिशेब मी मांडतो. ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूच्या गाठींपैकी अत्यंत आक्रमक गाठ. तिच्यावर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारांना टेमोझोलोमाइड या औषधाची जोड द्यावी, असा जगभरचा प्रघात ज्या चाचणीने पाडला, तिचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. नुसते किरणोपचार घेतलेल्या रुग्णांच्या आयुर्मर्यादेचा मध्यांक 12.1 महिने, तर औषधाची जोड मिळालेल्यांचा 14.6 महिने. अडीच महिने! आपल्याकडचा एक खरीप हंगामदेखील याहून लांब असतो. ज्या कुटुंबाजवळ दोन एकर काळ्या जमिनीवाचून दुसरे काही नाही, त्या कुटुंबाला या अडीच महिन्यांसाठी ती जमीन गहाण टाकायला लावणाऱ्या आशेला मी आशा म्हणू शकत नाही.

समर्थक : आपण सांगितलेला आकडा अचूक आहे, आणि तो लपवून ठेवणाऱ्यांविरुद्ध आपला राग मला मान्य आहे. परंतु एका गाठीचा गुन्हा सिद्ध करून आपण सगळ्या गाठींना शिक्षा फर्मावीत आहात. कवटीच्या आत आणि पाठीच्या कण्याच्या पोकळीत जे जे वाढते, ते एका जातीचे नसते. मेंदूच्या आवरणातून निघणारा मेनिन्जिओमा बहुधा वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. तो जर पोहोचता येण्यासारख्या जागी असेल आणि संपूर्ण निघाला, तर पुष्कळ रुग्ण त्या दुखण्यातून कायमचे मोकळे होतात. कानाच्या मज्जातंतूवरची श्वानोमाची गाठ ऐकू येणे कमी करते, चालताना तोल घालवते, पण ती कर्करोग नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अनेक गाठी आता कवटी न उघडता नाकावाटे काढतात. आणि त्यांतल्या एका प्रकाराला, ज्यात बाळंतपण नसताना स्त्रीच्या स्तनांतून दूध येऊ लागते व मासिक पाळी बंद पडते, बहुधा शस्त्रक्रियेचीही गरज पडत नाही, गोळ्यांनीच ती गाठ आकसते. याउलट फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग मेंदूत येऊन रुजतो, तेव्हा मेंदूतली ती गाठ मूळ रोगाची शाखा असते आणि उपचाराची दिशा मूळ रोगाकडे पाहून ठरवावी लागते. इतके भिन्न प्रकार एकाच शब्दाखाली कोंबले गेल्यामुळे आपल्याकडे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो एकच : ‘कॅन्सर आहे का?’ तो प्रश्न स्वाभाविक आहे, पण पहिला नाही. पहिला प्रश्न असा की गाठ कोठे आहे आणि ती काय दाबते आहे.

शंकाकार : आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला आहे. गाठ कोठे आहे हाच जर पहिला प्रश्न असेल, तर ‘साधी गाठ’ या शब्दाने आपण जो दिलासा वाटीत फिरता, तो खोटा ठरतो. पोटावर नारळाएवढी चरबीची गाठ घेऊन माणूस पन्नास वर्षे शेत नांगरतो. परंतु कवटी ही चारी बाजूंनी हाडांनी बंद केलेली जागा आहे, आणि तिच्यात सुपारीएवढी साधी गाठ श्वासोच्छ्वास चालविणाऱ्या मस्तिष्कस्तंभालगत बसली, किंवा मेंदूतल्या द्रवाचा मार्ग तिने अडवला, तर ती साधी गाठच माणसाचा जीव घेते. सूक्ष्मदर्शकाखाली जी निष्पाप दिसते, ती जागेमुळे घातक होते. शिवाय, या विद्येचा प्रारंभकाळच पाहा. 25 नोव्हेंबर 1884 रोजी लंडनमध्ये बेनेट या वैद्याने रुग्णाच्या चेहऱ्याच्या व हाताच्या झटक्यांवरून, कोणतेही छायाचित्र हाती नसताना, मेंदूतल्या गाठीची जागा सांगितली. गॉडली या शल्यविशारदाने कवटी उघडली तो गाठ नेमकी तेथेच सापडली, आणि ती काढलीही. साऱ्या जगाने टाळ्या वाजविल्या. पण तो तरुण रुग्ण चार आठवड्यांनी जखमेतल्या जंतुसंसर्गाने मरण पावला. निदान अचूक, शस्त्रक्रिया यशस्वी, आणि रुग्ण मृत : या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसतात, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

समर्थक : साध्या गाठीविषयीचे आपले म्हणणे मी जसेच्या तसे स्वीकारतो, उलट माझी विनंती अशी की ते प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहावे. परंतु इतिहास आपण 1884 पाशी थांबविला, तो आणखी तीन वर्षे पुढे न्या, कारण माझ्या मते चुडाव्याला उपयोगी पडेल असे जे प्रकरण आहे ते 1887 चे आहे. एक लष्करी अधिकारी होता. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली त्याला वेदना सुरू झाल्या. वैद्यामागून वैद्य झाले, कोणी मज्जातंतूंचे दुखणे म्हणाले, कोणी हवापालट सुचविला. आणि या साऱ्यात तीन वर्षे गेल्यावर त्याचे दोन्ही पाय निर्जीव झाले, लघवीवरचा ताबा गेला. गावर्स या चिकित्सकाने मज्जारज्जूवर गाठ असावी असे अनुमान केले, आणि 9 जून 1887 रोजी व्हिक्टर हॉर्स्ले यांनी त्याची पाठ उघडली. जेथे गाठ असेल असे वाटले होते, तेथे काहीच सापडले नाही. शल्यक्रिया तेथेच संपली असती. पण हॉर्स्ले यांनी कण्याचे हाड आणखी वरच्या बाजूस काढले, आणि तेथे ती गाठ मज्जारज्जूला दाबून बसलेली दिसली. ती काढल्यावर तो मनुष्य वर्षभरात पुन्हा चालू लागला व आपल्या कामाला लागला. मज्जारज्जूवरील गाठ काढून रुग्ण बरा झाल्याचे हे पहिले सुप्रसिद्ध उदाहरण. मेंदूच्या गाठीची पहिली गाजलेली कथा मृत्यूची आणि मज्जारज्जूच्या गाठीची पहिली गाजलेली कथा पायावर उभे राहण्याची आहे, हा निव्वळ योगायोग नव्हे. मज्जारज्जूच्या बाहेर पण त्याच्या आवरणाच्या आत असलेल्या गाठी, मेनिन्जिओमा काय किंवा श्वानोमा काय, बहुतांशी साध्या असतात, त्या मज्जारज्जूत शिरत नाहीत, नुसत्या दाबतात. दाब वेळेवर उतरला तर गेलेली शक्ती परत येण्याचा संभव मोठा असतो.

शंकाकार : एकोणिसाव्या शतकातल्या त्या अधिकाऱ्याचा चुडाव्याशी संबंध आपण कसा लावता?

समर्थक : ‘आणखी वरच्या बाजूस’ या दोन-तीन शब्दांनी लावतो. आपल्याकडे पाय जड पडू लागलेला मनुष्य डॉक्टरकडे जातो तेव्हा तो कमरेकडे बोट दाखवितो, कारण सगळी दुनियाच कमरेकडे बोट दाखविते. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ हे निदान तर आता गावोगाव पाठ झालेले आहे. मग कमरेचा एक्स-रे, कमरेला पट्टा, फार झाले तर नांदेडला जाऊन कमरेचाच एमआरआय. आणि तो बिनदोष आला की ‘काही नाही, वयोमानाने होते’ असा निर्वाळा. परंतु प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेपर्यंत जातच नाही. तो सुमारे करंगळीएवढ्या जाडीचा दोर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा उरतो. दोन्ही पायांत ताठरपणा येत असेल, मुंग्या छातीच्या किंवा बेंबीच्या पातळीपर्यंत चढत असतील, तर दोष वर, छातीच्या मागच्या मणक्यांत किंवा मानेत शोधावयास हवा. मज्जारज्जूच्या आवरणातला मेनिन्जिओमा मध्यमवयीन व त्यापुढच्या स्त्रियांत अधिक आढळतो आणि त्याची आवडती जागा छातीमागचा भाग हीच आहे. आयुष्यभर निंदणी-खुरपणी केलेल्या पन्नाशीच्या बाईची पाठ दुखते, यात कोणाला काय नवल वाटणार? म्हणूनच ती बाई वर्ष-दीड वर्ष पट्टा बांधून, बामाच्या बाटल्या रिकाम्या करून, शेवटी अंथरुणाला खिळते. आणि तिच्या पाठीत जे आहे ते एखाद-दुसऱ्या तासात नव्हे तरी एका दिवसाच्या शस्त्रक्रियेत निघण्याजोगे असू शकते, हे तिला कोणीच सांगितलेले नसते. मला जर कोणी विचारले की या साऱ्या विषयात सर्वांत मोठा अन्याय कोणता, तर ग्लायोब्लास्टोमाच्या अडीच महिन्यांपेक्षा मी या बाईकडे बोट दाखवीन.

शंकाकार : बोट दाखविणे सोपे आहे, पण शंभर दुखऱ्या पाठींतून ती एक पाठ निवडायची कोणी आणि कशी? आमच्या पंचक्रोशीत पाठ न दुखणारा मनुष्य सापडणे कठीण. प्रत्येकाला मानेपासून माकडहाडापर्यंतच्या एमआरआयसाठी पाठवा म्हणाल, तर रोगाने न लुटलेल्यांना निदानाने लुटल्यासारखे होईल. आणि चित्रात काही दिसले तरी काय? मराठवाड्यात क्षयाचे प्रमाण आपणास ठाऊक आहे. मणक्याचा क्षय मज्जारज्जूला तसाच दाबतो, मेंदूतली क्षयाची गाठ तशीच दिसते, आणि दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जाणाऱ्या फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत ज्या पुटी होतात, त्यांनी तशाच आकड्या येतात. क्षयाच्या गाठीला मेंदूचा कर्करोग समजून हाय खाल्लेली घरे आहेत. आणि कर्करोगाला क्षय समजून महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या खाल्लेली माणसेही आहेत.

समर्थक : निवड चित्राने करायची नसते, अंगाने करायची असते, चित्र नंतर येते. साध्या पाठदुखीत माणूस आडवा पडला की त्याला बरे वाटते. गाठीची वेदना पुष्कळदा रात्री, आडवे पडल्यावरच वाढते आणि झोपेतून उठविते. ती एखाद्या पट्ट्यासारखी पाठीकडून छातीभोवती फिरते. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. सकाळी डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. लघवीला वेळ लागतो, किंवा ती अडते. यांपैकी एकही तक्रार पाठदुखीच्या जोडीला आली, की डॉक्टरने रुग्णाच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाय किती उसळतो ते पाहावे, तळव्यावरून किल्ली ओढून अंगठा वर जातो की खाली ते पाहावे, टाचणीने पोटावरची संवेदना कोठे बदलते ते तपासावे. पाच-सात मिनिटांचे हे काम, आणि त्याला वीज लागत नाही. मेंदूच्या बाबतीतही असेच : पहाटे उठताच होणारी व दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, तिच्याबरोबर उलटी, नजर अंधूक होणे, पूर्वी कधी फिट न आलेल्या प्रौढाला पहिली फिट येणे, एका बाजूचा हात हळूहळू निकामी होणे, शांत माणसाचा स्वभाव विनाकारण पालटणे. कवटीतल्या वाढलेल्या दाबाची खूण नेत्रतज्ज्ञाला डोळ्याच्या पडद्यावर पुष्कळदा दिसू शकते. डोकेदुखीसाठी चष्मा लावून घ्यायला गेलेल्या रुग्णाची गाठ अशी सापडल्याची उदाहरणे वैद्यकात जुनी आहेत. क्षयाविषयी आपण जे म्हटले त्याचे उत्तर एवढेच की, नाव निश्चित झाल्यावाचून उपचार सुरू करू नये. आवश्यक तेथे गाठीचा तुकडा काढून तपासावा. आणि ते निदान क्षय किंवा कृमी असे निघाले, तर ती दु:खाची नव्हे, बऱ्याच अंशी औषधाने बऱ्या होणाऱ्या रोगाची बातमी असते. शोध घेतला म्हणूनच ती बातमी मिळते.

शंकाकार : आपले वैद्यक पुस्तकात जितके नेटके आहे, तितके ते बाजारपेठेच्या गावातल्या दवाखान्यात नाही. तेथल्या डॉक्टरपुढे साठ रुग्णांची रांग असते. हातोडी टेबलाच्या खणात असते, आणि रुग्णाला हवी असते सुई. ती सुई बहुधा स्टेरॉइडची असते. डेक्सामेथासोनसारख्या औषधाने गाठीभोवतीची सूज उतरते, डोकेदुखी थांबते, पाय थोडे चालू लागतात, रुग्ण डॉक्टरला दुवा देतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी दुखणे दुप्पट होऊन परतते. त्या पंधरा दिवसांत मज्जारज्जू किती मेला, याचा पंचनामा कोणी करीत नाही.

समर्थक : हे खरे आहे, आणि यात मी एक भर घालतो : मेंदूतल्या लिम्फोमासारख्या काही गाठी स्टेरॉइडने चित्रातूनही तात्पुरत्या नाहीशा होतात, मग तुकडा काढूनही निदान हाती लागत नाही. जे औषध तज्ज्ञाच्या हाती शस्त्रक्रियेपूर्वीचे अमूल्य साधन आहे, तेच निदानापूर्वी दिले तर पडदा होऊन बसते. पण आपल्या या वाक्यातून निघणारा निष्कर्ष पाहा. आपण उपचारावर आक्षेप घेत नाही आहात. उपचारापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर घेत आहात. वेळेचे मोल किती असते याचा पुरावा हवा असेल तर 2005 सालचीच दुसरी एक चाचणी मी पुढे करतो. अन्य अवयवाचा कर्करोग मणक्यात उतरून मज्जारज्जू दाबला गेलेल्या रुग्णांत नुसते किरणोपचार दिले तेव्हा 57 टक्के, तर आधी शस्त्रक्रियेने दाब उतरवून मग किरण दिले तेव्हा 84 टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. हा कर्करोग बरा होत नाही, हे मला मान्य. पण उरलेले आयुष्य स्वत:च्या पायांनी मोरीपर्यंत जाऊन काढणे आणि ते अंथरुणात, पाठीला जखमा पडून, सुनेच्या हाताकडे पाहत काढणे, यांतला फरक आयुष्याच्या लांबीत मोजता येत नाही. उपचार सुरू होतेवेळी रुग्ण चालत असला तर पुढेही चालण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, ही गोष्ट अनुभवाने वारंवार दिसून आली आहे.

शंकाकार : वाटेवरचा माझा आक्षेप आपण लहान समजता. ज्या गावाला पूर्वी मोठ्या दुखण्यासाठी हैदराबाद गाठावे लागे, त्याला आज मुंबई गाठावी लागते. पल्ला बदलला, पायपीट राहिली.

समर्थक : पायपीट राहिली आहे, पण ती तेवढीच राहिलेली नाही. भारतातला मेंदू-शल्यचिकित्सेचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला सुरू केला, तो 1949 साली. त्यानंतर पन्नाशीच्या दशकात मुंबईत डॉ. रामचंद्र गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्यांनी ही विद्या महाराष्ट्रात रुजविली. त्या वेळी या भागातल्या माणसाला मेंदूत गाठ झाली तर बहुधा ती कोणाला कळतही नसे. ‘वारं गेलं’, ‘बाहेरची बाधा झाली’ अशा शब्दांत तो माणूस संपत असे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या एका रुग्णालयात सीटी स्कॅनच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला, आणि कवटी न उघडता गाठ डोळ्यांनी दिसू लागली. आज ते यंत्र नांदेडला आहे, एमआरआयही आहे, मेंदू व मणक्याचे शल्यविशारदही आहेत. किरणोपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय मराठवाड्यात उभे राहिले आहे. पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, तिची मर्यादा 2023 च्या शासननिर्णयाने दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. कर्करोगाच्या रुग्णाला व त्याच्या सोबत्याला रुग्णालयाच्या ठराविक नमुन्यातल्या दाखल्यावर रेल्वेभाड्यात मोठी सवलत मिळते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांसाठी चालते. या गोष्टी ठाऊक नसल्यामुळे सावकाराच्या दारी गेलेली माणसे मला अस्वस्थ करतात. जमीन गहाण टाकण्याआधी शिधापत्रिका घेऊन योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे, इतके तरी गावातल्या शिकलेल्यांनी सांगावे.

शंकाकार : योजना शस्त्रक्रियेचे बिल भागविते, बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याचे जेवण, पुढची दोन-दोन वर्षे दर तीन महिन्यांनी करायची वारी हे कोणत्याच दप्तरात लिहिले जात नाही. ते राहू द्या. किरणोपचारांविषयी आपण फार सहज बोललात. ज्याला आमच्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट देणे’ म्हणतात, त्याने गाठ जळते तसा मेंदूही होरपळतो. लहान मुलाच्या डोक्याला तो शेक दिल्यावर मूल वाचते, पण शाळेत मागे पडते, त्याची वाढ खुंटते. मग वाचविले ते नेमके काय?

समर्थक : हा आपला आक्षेप मला सर्वांत बलवान वाटतो, आणि त्याचे जे उत्तर मिळाले आहे ते आपल्याच राज्यात मिळाले, याचा मला अभिमान आहे. परळच्या टाटा रुग्णालयाने सौम्य व मंदगती गाठी असलेल्या मुलांवर व तरुणांवर एक दीर्घ चाचणी केली. 200 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या पद्धतीने, तर काहींना गाठीच्या आकाराला नेमके बेतलेले किरण दिले, आणि वर्षानुवर्षे त्यांची बुद्धी, स्मृती व ग्रंथींचे कार्य मोजले. 2017 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गाठ आटोक्यात ठेवण्याचे काम दोन्ही पद्धतींनी सारखेच केले, परंतु नेमक्या किरणांनी बुद्धीची व ग्रंथींची हानी कमी झाली. म्हणजे आपला आक्षेप ऐकून वैद्यकाने आपली रीत बदलली. शंका घेणारे नसते, तर ही चाचणी झाली नसती. आता खारघरला टाटा संस्थेच्याच केंद्रात प्रोटॉन किरणांचे उपचारही सुरू झाले आहेत. त्यांचा हेतू हाच, की गाठीपलीकडच्या निरोगी मेंदूला शक्य तितके वाचवावे.

शंकाकार : तर मग मज्जारज्जूच्या गाठींपुरती मी माघार घेतो, मुलांच्या मंदगती गाठींपुरतीही घेतो. परंतु ग्लायोब्लास्टोमापाशी मी ठाम उभा आहे. आणि तेथे माझा आक्षेप केवळ महिन्यांचा नाही. हा रोग ज्या इंद्रियात होतो, त्याच इंद्रियाने माणूस निर्णय घेतो. पोटात कर्करोग झालेला मनुष्य वेदनेतही सांगू शकतो की मला शस्त्रक्रिया नको, मला घरी न्या. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ झालेल्या माणसाची बुद्धी, वाचा, स्वभाव हेच आधी ढळतात. मग निर्णय कोण घेतो? रुग्णालयाच्या दारात भाऊ, मेहुणे, जावई उभे राहतात, ‘त्यांना काही सांगू नका’ असे डॉक्टरला बजावतात, आणि लोक काय म्हणतील या भयाने सगळे उपचार करून टाकतात. ‘काही करायचे ठेवले नाही’ असे तेराव्याला सांगता यावे, म्हणून कर्ज निघते. ही माझी कल्पना नव्हे. आपल्या समाजाची ही रीत आहे.

समर्थक : निर्णय रुग्णाशिवाय घेतला जातो, हे आपले म्हणणे मी मान्य करतो, आणि त्यावर माझ्याजवळ तयार उत्तर नाही. मात्र त्याच चाचणीतला दुसरा आकडा आपण सोडून दिलात. दोन वर्षांनी हयात असलेले रुग्ण नुसत्या किरणोपचारांत 10.4 टक्के होते, जोडउपचारांत 26.5 टक्के. मध्यांक अडीच महिन्यांनी सरकला, पण दोन वर्षे पाहणारे दहांतले एक होते ते चारांतले एक झाले. ज्या बापाची मुलगी बारावीत आहे, त्याला हा आकडा लपवून पहिला आकडा सांगणे हेही अर्धसत्यच होय. गाठीच्या पेशींतले एक विशिष्ट लक्षण तपासले तर या औषधाचा लाभ कोणाला अधिक होईल याचा बराच अंदाज येतो. वयस्क व क्षीण रुग्णांसाठी सहा आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांचा किरणोपचार स्वीकारला गेला आहे. म्हणजे ‘सगळे करा’ आणि ‘काही करू नका’ या दोहोंमध्ये बरीच जागा आहे.

शंकाकार : चारांतला तो एक कोण, हे कोणी आधी सांगू शकत नाही, आणि उरलेल्या तिघांच्या घरची जमीनही गेलेली असते. म्हणून माझी मागणी अशी : उपचाराच्या संमतीच्या कागदावर अंगठा घेण्यापूर्वी रुग्णाला, तो शुद्धीवर असताना, शक्य तितक्या लवकर, त्याच्या भाषेत तीन गोष्टी सांगितल्या जाव्यात : उपचाराने किती काळ वाढण्याचा संभव आहे, त्या काळात तो कशा अवस्थेत असेल, आणि उपचार न करता घरी राहिला तर वेदना, आकड्या, उलट्या थांबविण्यासाठी त्याला काय मिळेल. हे तिसरे कोणी सांगतच नाही, जणू घरी जाणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे. मॉर्फिनसारखे वेदनाशामक, आकडीचे औषध, सूज उतरविणारे औषध हे परिचारिकेच्या देखरेखीखाली पूर्णा तालुक्यात मिळाले, तर घरी जाण्याचा निर्णय हा पराभव राहणार नाही.

समर्थक : ती तिसरी गोष्ट हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो तालुक्याला मिळावा यासाठी मी आपल्याबरोबर अर्जावर सही करीन. माझी अट एकच : गाठीचे नाव कळण्यापूर्वी घरी जाण्याचा निर्णय कोणी घेऊ नये. आपल्या त्या ठाम भूमिकेचा आधार घेऊन उद्या एखादा मुलगा आपल्या आईच्या मेनिन्जिओमालाही ग्लायोब्लास्टोमा समजून तिला परत आणील, याचे मला भय वाटते.

शंकाकार : आणि आपल्या उत्साहाचा आधार घेऊन एखादा मुलगा ग्लायोब्लास्टोमालाही मेनिन्जिओमा समजून शेत विकील, याचे मला. या दोन्ही मुलांना एकच उत्तर देता येईल असे मला अजूनही वाटत नाही. नाव कळल्यावर किती पुढे जायचे, हे ठरविण्याचा अधिकार मी रुग्णावाचून कोणाला देणार नाही, आणि रुग्ण तो वापरू शकत नसेल तेव्हा काय, हे मला ठाऊक नाही.

समर्थक : मलाही नाही. पण पाठीच्या कण्याविषयी तरी आपल्या दोघांचे एकमत झाले आहे, तेवढे आपण दोघांनी मिळून गावाला सांगू : पाठदुखीबरोबर पाय लटपटू लागले, चप्पल निसटलेली कळेनाशी झाली किंवा लघवी अडली, तर वेचणी, लग्न, बाजार यांपैकी कशासाठीही न थांबता त्याच दिवशी नांदेड गाठावे, आणि तेथे डॉक्टरांना केवळ कमर न दाखविता संपूर्ण पाठ तपासण्याची विनंती करावी.